आतड्याचा टीबी की क्रोन्स? माझा अनुभव

ज्यांच्या रिपोर्टवर 'आतड्याचा टीबी किंवा क्रोन्स' असं दोन्ही लिहून आलंय त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय, माझ्या रिपोर्टवर पण तेच होतं आणि तेव्हा मराठीत वाचायला काहीच सापडत नव्हतं. क्रोन्स म्हणजे आतड्याला सूज आणि अल्सर आणणारा, वर्षानुवर्षं चालणारा आजार.

मला पोटात उजवीकडे खाली कळ यायची, जेवल्यावर जास्तच, वजन उतरत चाललेलं, संध्याकाळी अंगात कणकण. कराडला आव समजून गोळ्या मिळायच्या, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि परत सुरू. शेवटी दादा मला पुण्याला पोटाच्या स्पेशालिस्टकडे घेऊन गेला. कोलोनोस्कोपी झाली (आदल्या दिवशी ते पावडरचं पाणी लिटरभर लिटरभर प्यायचं, खरा त्रास तोच, तपासणी भुलीत होते, कळत पण नाही). लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथं मिळतं तिथं अल्सर होते. आता पंचाईत अशी की टीबी बहुतेक वेळा तिथंच होतो आणि क्रोन्स पण.

तुकडे काढून बायोप्सी, जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) आणि कल्चरला (जंतू वाढतात का ते बघायला) पाठवले. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा आले, म्हणजे पेशींचे बारीक पुंजके, ते दोन्ही आजारांत येतात. त्यांच्या मधोमध कुजलेला भाग दिसला असता तर टीबीच म्हणाले असते, तसं माझ्यात नव्हतं. जीनएक्सपर्ट निगेटिव्ह आला तेव्हा घरी सगळ्यांनी सुस्कारा सोडला, पण डॉक्टर म्हणाले, "आतड्याच्या तुकड्यात टीबीचे जंतू फार कमी असतात हो, निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाहीच असं नाही म्हणता येत." युरोप-अमेरिकेत टीबीच कमी त्यामुळे तिथं हा प्रश्न एवढा येत नाही, आपल्याकडे रोजचा आहे. आणि निदान कुठल्याही बाजूला चुकलं तरी महागात पडतं, क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले आणि टीबी निघाला तर तो अंगभर पसरू शकतो, टीबी समजून महिनोन्महिने एकेटी (टीबीची औषधं) देत राहिले आणि क्रोन्स असला तर तेवढ्या काळात आतडं आखडत जातं.

मग ठरलं की आधी टीबीची औषधं देऊन बघायची. निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी पोर्टलवर, नाव नोंदवलं, गोळ्या सुरू झाल्या. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, घाबरू नका. लिव्हरच्या टेस्ट मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा कराच, आणि त्यातलंच एथॅम्ब्युटॉल चालू असताना नजरेत किंवा रंग ओळखण्यात काही फरक वाटला तर लगेच सांगा.

आता महत्त्वाचं. मला या गोळ्यांनी बरं वाटायला लागलं! ताप गेला, पोटदुखी कमी झाली, आई म्हणाली आता परत ती तपासणी कशाला. पण डॉक्टर अडून बसले, साधारण दोन-तीन महिन्यांनी परत स्कोपी व्हायलाच पाहिजे, टीबी असेल तर एव्हाना अल्सर भरत आलेले दिसतात. माझे जसेच्या तसे होते. कल्चर पण निगेटिव्ह, शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट (आतड्यातली सूज दाखवते) वाढलेलीच. म्हणजे क्रोन्सच ठरला. क्रोन्सच्या काही पेशंटना पण एकेटीने काही दिवस बरं वाटतं म्हणे, म्हणून बरं वाटतंय एवढ्यावर कृपा करून थांबू नका, आत बघायला सांगा.

क्रोन्स कळल्यावर मी विचारलं की मग यात जंतू नाहीतच का? तर आहेत, पण टीबीसारखा एकच जंतू धरून मारला आणि संपलं असं नाही. आपल्या आतड्यात राहणाऱ्या नेहमीच्याच बॅक्टेरियांवर शरीर उलटतं. 2001 मध्ये क्रोन्सशी जोडलेलं पहिलं जीन सापडलं, एनओडी2, ते बॅक्टेरिया ओळखायच्याच कामाचं आहे. आजारी भाग कापून आतडं परत जोडलेल्या क्रोन्सच्या पेशंटमध्ये त्या जोडाच्या पुढे मळ जाऊ दिला नाही तोवर तिथं आजार परत आला नाही, आणि मार्ग जोडल्यावर आला, हे बेल्जियमच्या डॉक्टरांनी 1991 मध्ये दाखवलं. शिवाय फिकॅलिबॅक्टेरियम नावाचे चांगले बॅक्टेरिया क्रोन्सवाल्यांत कमी आढळतात.

टीबीच्या जंतूचा एक भाऊबंद पण संशयात आहे, गुरांना जोन्स नावाचा आतड्याचा रोग करणारा. गुरांचा आणि माणसांचा हा आजार सारखाच दिसतो हे डॅल्झिएल नावाच्या स्कॉटिश सर्जननी 1913 मध्येच लिहून ठेवलंय. पण ऑस्ट्रेलियात त्या जंतूवरची तीन अँटिबायोटिक्स दोन वर्षं देऊन बघितली, 2007 मध्ये निकाल आला, टिकणारा फायदा दिसला नाही. हे वाचल्यावर मला कळलं की माझ्या गोळ्यांचा असर का टिकला नसता.

मामी प्रेमाने प्रोबायोटिकच्या (चांगल्या बॅक्टेरियांच्या) पुड्या पाठवते, पण क्रोन्समध्ये त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. ताक मला पचतं म्हणून पिते, औषध म्हणून नाही.

आता अ‍ॅडालिम्युमॅबची, म्हणजे प्रतिकारशक्तीचा हल्ला दाबून सूज कमी करणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं चालू झालीत. त्याआधी परत टीबीचा विषय निघाला, छातीचा एक्स-रे आणि इग्रा नावाची रक्ताची टेस्ट, कारण या औषधाने अंगात दबून बसलेला टीबी जागा होऊ शकतो. हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. वजन थोडं भरलंय, शाळेत परत शिकवायला जाते. पुढची स्कोपी काही महिन्यांनी आहे, अल्सर भरलेत का ते तेव्हाच कळेल, कळलं की इथंच लिहीन.