ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, असं नाही

कोल्हापूर. रात्रीचे अकरा, पावसाची झड चालूच.

‘शांत पडलाय की वो, डॉक्टर!’ मणक्याच्या ऑपरेशननंतर घरच्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. पण कुत्रं दुखणं लपवतं. अंग ताठ, मान खाली, पाण्याला तोंड लावत नाही, ही सगळी दुखण्याचीच लक्षणं. म्हणून अंदाजावर विसंबायचं नाही, मोजायचं. वागण्यावरून दुखण्याला गुण देणारी ग्लासगो मोजपट्टी त्यासाठी उत्तम. मागचे पाय गेलेल्याला चालवून बघता येत नाही, तेवढा भाग वगळायचा. मग 20 पैकी 5 गुण भरले की औषध वाढवायचं. टाक्यांपासून दोन इंचांवर दोन बोटांनी हलकं दाबायचं. नुसता वळून बघतो, अंग चोरतो की चावायला येतो, यात फार फरक आहे.

खरं काम मात्र कापण्याआधीच सुरू व्हायला हवं. जखमेकडून संदेशांचा मारा होत राहिला की मज्जारज्जू हुळहुळा होतो, मग साधा हातही सोसत नाही. तो मारा अडवायला केटामीन हे भुलीचं औषध, थोड्या मात्रेत. 8 किलोचा डॅशहंड धरू. आधी शिरेतून 4 मिलिग्रॅम. मग 500 मिलीच्या सलाईनमध्ये 60 मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला 50 मिलिग्रॅमवाल्या बाटलीतलं 1.2 मिली. ऑपरेशन चालू असताना तासाला 40 मिली, नंतर तीच पिशवी 8 मिलीवर. पिशवीवर ठळक चिठ्ठी हवीच. रक्तदाब उतरला की घाईत कुणीतरी हीच पिशवी भरभर सोडतं आणि केटामीन भलतंच जास्त जातं. त्यासाठी साधं सलाईन वेगळं टांगून ठेवावं.

मुख्य आधार अफूवर्गाच्या औषधाचा. फेंटानिल असेल तर किलोमागे तासाला 2 ते 5 मायक्रोग्रॅम. नसेल तर ब्युप्रेनॉर्फिन, किलोमागे 0.02 मिलिग्रॅम, दर 6 ते 8 तासांनी. ब्युटॉर्फेनॉल सहज मिळतं म्हणून त्यावरच भागवलेलं मला पटत नाही. त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो, आणि वर फेंटानिलची वाटही अडते. कण्याच्या बाजूच्या स्नायूंखाली ब्युपिव्हाकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, द्यायचं तर सगळं मिळून किलोमागे 2 मिलिग्रॅमच्या आत. 8 किलोला 0.5 टक्क्याचं 3.2 मिली, थेंबही जास्त नाही.

मेलॉक्सिकॅम या सूज-दुखणं उतरवणाऱ्या औषधाआधी एक प्रश्न विचारायचाच: आधी कुठे स्टेरॉइड टोचलंय का? लकवा म्हटलं की ते बहुधा दिलेलं असतंच. दोन्ही एकत्र आली की पोटात, आतड्यात व्रण होतात, प्रसंगी आतडं फुटतं.

रात्री कुत्रं कण्हायला लागलं की इंजेक्शन भरण्याआधी पोटाखाली हात घालून लघवीची पिशवी चाचपावी. तट्ट फुगली असेल तर तीच दुखते, आणि अफूवर्गाच्या औषधानं लघवी आणखी तुंबते. दर 6 ते 8 तासांनी दाबून रिकामी करायची.

घरी जाताना गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्याचं औषध, किलोमागे 10 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. 8 किलोला 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल चालते. माणसांचं पातळ औषध नको, त्यात गोडीसाठी झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विष. आयबुप्रोफेन तर नकोच. ट्रॅमाडॉलच्या गोळीवर भिस्त ठेवू नये, कुत्र्याच्या शरीरात तिचा कामाचा अंश फारसा तयारच होत नाही. बरं दिसतंय म्हणून गॅबापेंटिन एकदम तोडू नये, हळूहळू उतरवावं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ सरळ. गुळगुळीत फरशीवर रबरी चटई अंथरावी. पाय घसरला की टाके ताणतात आणि आवरलेलं दुखणं पुन्हा उसळतं.