राखेसाठी बांधलेलं घर

इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन परगण्यात, डार्टमूर हा उघडा, भणाणत्या वाऱ्याचा माळ आहे. तिथल्या काही जुन्या शेतघरांच्या आवारात ग्रॅनाइटची बुटकी, गोल खोली दिसते. माणसांसाठी नाही, गुरांसाठीही नाही, ती राखेची. चुलीतली राख वरच्या भोकातून आत लोटायची आणि साठली की खालच्या ठेंगण्या दारातून फावड्याने ओढून शेतात खत म्हणून पसरायची. गवताने शाकारलेल्या घराजवळ राखेत एखादा निखारा धुमसत राहिला तर होत्याचं नव्हतं व्हायचं. म्हणून राखेला वेगळं दगडी बिऱ्हाड!

यातली काही राखघरं आज संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत आहेत. त्याच यादीत भलीमोठी कॅथेड्रलंही आहेत, आणि मला ही पंगत फार आवडते. पहिल्या श्रेणीचा मान जेमतेम अडीच टक्के नोंदींना. नव्वद टक्क्यांहून जास्त मंडळी साध्या दुसऱ्या श्रेणीत. पण श्रेणी खालची म्हणून कायदा ढिला पडत नाही. विनापरवाना पाडापाडी हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकाचे उद्योग निस्तरायची नोटीस आजच्या मालकाच्या दारात येऊ शकते, आणि तिला कालमर्यादा नाही. शिवाय मुख्य घर यादीत असेल, तर त्याच्या आवारातलं १ जुलै १९४८ पूर्वीचं बांधकामही सहसा त्याच छत्राखाली येतं. परसातला संडाससुद्धा.

मालकाचा खरा कस लागतो तो दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, भरताना. जुनी दगडी भिंत चुन्यात बांधलेली. चुना मऊ, भिंतीत शिरलेली ओल तो दरजेतून हळूहळू बाहेर सोडतो. दगड जरा हलला तर तोही थोडं सोसून घेतो. घाईने त्यावर सिमेंट थापलं की ओलीची वाट बंद. मग ती दगडातूनच बाहेर पडू बघते, थंडीत गोठते, आणि वालुकाश्मासारख्या मऊ दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सिमेंट मात्र ठणठणीत! झिजायचं ते दरजेने, दगडाने नव्हे, हे जुन्या गवंड्यांना पक्कं ठाऊक होतं.

अर्थात सगळ्याच आवारी वास्तू इतक्या गरीब नसतात. यॉर्कशायरमध्ये रॉबिन हूड्स बे जवळ बॅरी नावाच्या जमीनदाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डुकरांसाठी चक्क ग्रीक देवळाच्या थाटाचा, खांबांचा गोठा बांधला. डुकरांना त्याचं कितपत कौतुक होतं कुणास ठाऊक. जुन्या वास्तू वाचवणारी लँडमार्क ट्रस्ट ही संस्था आता तो सुट्टीसाठी भाड्याने देते, आणि माणसं हौसेने जाऊन राहतात. राखघराला असा भाडेकरू मिळणं कठीण. फार तर त्यात सरपण नाहीतर खुरपी-फावडी ठेवावीत. तेवढ्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.