महाजनांच्या यादीत अडकलेला शोध

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानासाठी मी महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, यादीचं वेबपान केलं होतं. वर शोधायची चौकट, खाली नावं. पन्नास नावांवर तपासलं आणि दिलं. प्रत्यक्षात आठशे नावं भरली गेली. जत्रा पंधरा दिवसांवर असताना कचेरीतल्या काकांचा फोन आला, "बाय, एक अक्षर दाबलं की मोबाइल थिजतो. लोक समोर उभे असतात गो."

आधी मला वाटलं, सिलेक्टर, म्हणजे पानातले घटक निवडायची खूण, फार लांब आहे. ब्राउझर तो उजवीकडून डावीकडे जुळवत जातो, म्हणून डावीकडचे शब्द छाटले. फरक काहीच नाही. अर्धा दिवस असा घालवल्यावर कुठे किती वेळ जातो ते दाखवणाऱ्या क्रोमच्या परफॉर्मन्स पॅनेलमध्ये रेकॉर्डिंग केलं (ते सर्वांत आधी करायला हवं होतं) आणि दुखणं सापडलं.

एकेक ओळ लपवली की किती नावं उरली ते मोजायला मी लूपच्या, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी पुन्हा चालणाऱ्या कोडच्या, आतच दिसणारे घटक निवडणारं ‘:व्हिजिबल’ वापरलं होतं. हा सीएसएसचा, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा, सिलेक्टर नव्हे, ती जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची स्वतःची भर. ब्राउझरच्या क्वेरीसिलेक्टरऑल या घटक शोधणाऱ्या वेगवान फंक्शनला तो कळत नाही, त्यामुळे जेक्वेरी एकेक घटक स्वतः तपासत बसते. शिवाय घटक दिसतो की नाही हे सांगायला पानाची मांडणी ताजी लागते. मी ओळ लपवून मांडणी बिघडवायची आणि लगेच तीच विचारायची. एका अक्षरामागे हे आठशे वेळा!

मग लूप नव्याने लिहिला. तक्ता आयडीवरून एकदाच शोधायचा, त्याच्या ओळी आणि नावं सुरुवातीलाच एका ॲरेत, म्हणजे कोडमधल्या यादीत, ठेवायची. अक्षर दाबलं की फक्त ॲरेतली नावं पडताळायची, न जुळणाऱ्या ओळीला लपवायचा क्लास लावायचा, आणि उरलेल्यांचा आकडा तिथेच वाढवत न्यायचा. पानाला काही विचारायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. नवीन टाकलेलं नाव शोधात येईना. बरोबरच होतं: ॲरे भरताना वापरलेल्या क्वेरीसिलेक्टरऑलने दिलेली यादी त्या क्षणाची असते, मागाहून आलेली ओळ तिच्यात आपोआप शिरत नाही. नाव जोडणाऱ्या फंक्शनमध्येच ते ॲरेतही टाकलं.

संध्याकाळी देवळात गेले. काकांनी त्यांच्या जुन्या मोबाइलवर ‘का’ टाइप केलं, आणि बोट उचलायच्या आत कामत, काकोडकर समोर आले. काका काही बोलले नाहीत. रांगेतल्या पुढच्या माणसाला त्यांनी नाव विचारलं.