तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो बघताना आधी काय बघता?

रविवारी सकाळी पोहे-जलेबी झाली की आमच्याकडे कुणी ना कुणी फोटो घेऊन येतंच. शेजारची मुलं, भाचीच्या कॉलेजातल्या मैत्रिणी, कधी लग्नाचे फोटो काढायला नुकताच लागलेला एखादा पोरगा. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "काकू, फोटो चांगला आहे की नाही हे तुम्हाला इतक्या पटकन कसं कळतं?" परवा पुन्हा कुणीतरी विचारलं, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

पटकन कळत नाही हो. मी फार हळू बघते. फोटो हातात आला की मिनिटभर काही बोलत नाही, आणि आणणारा त्या मिनिटात कासावीस होतो तेही मला दिसतं. पण तेवढ्या वेळात मी चांगलं-वाईट ठरवत नसते. माझा डोळा आधी कुठे गेला, तिथून कुठे सरकला, कुठे अडखळला आणि कुठून फोटोच्या बाहेर निसटला, एवढंच मनात टिपून ठेवते. तोंड उघडते तेव्हा पहिल्यांदा तेच सांगते. मत त्यानंतर.

ही सवय मला कामानं लावली. इंदूरच्या एका स्टुडिओत मी बरीच वर्षं रिटचिंग, म्हणजे फोटोतले डाग-सुरकुत्या हातानं झाकायचं काम, केलं. काम असं असायचं: उतरत्या मेजाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची (जिच्यावरून फोटो छापतात ती फिल्म, तिच्यात काळं-पांढरं उलटं असतं), खालून उजेड, हातात सुईसारखी टोक केलेली कडक पेन्सिल. निगेटिव्हवर आधी राळेचं पातळ औषध लावायचं म्हणजे पेन्सिल धरते. चेहऱ्यावरची सुरकुती कागदावर काळी दिसते, म्हणजे निगेटिव्हमध्ये ती पारदर्शक असते. ती रेघ शिशाच्या बारीक ठिपक्यांनी भरली की छापताना तिथून उजेड कमी जातो आणि सुरकुती फिकी होते. एका चेहऱ्याला कधी अर्धा तास, कधी दोन तास. दोन तास एकाच गालाकडे बघत बसलं की बघणं म्हणजे काय ते आपोआप कळायला लागतं.

तिथेच माझ्या हातून एक चूक झाली, ती मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. एका घरच्या आजींचा फोटो होता. त्या आजारी होत्या, घरच्यांना भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. मी नवीन होते, हात चांगला बसला होता, आणि मला तो दाखवायचा होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरली, ओठांच्या दोन्ही बाजूंच्या खोल रेघा भरल्या, कपाळ तुळतुळीत केलं. मालक खूश झाले. चार दिवसांनी आजींची मुलगी फोटो परत घेऊन आली. रागावली नाही. फोटो काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "ताई, ही आमची आई नाहीये."

मी रिटचिंगच्या आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून बघत बसले. ओठांच्या बाजूच्या ज्या रेघा मी म्हातारपणाच्या समजले होते, त्या हसण्याच्या होत्या. आजी फोटोत हसत नव्हत्या, पण जन्मभर हसलेल्या होत्या आणि ते त्या दोन रेघांत साठलेलं होतं. डोळ्यांखालच्या सावलीनं डोळे आत, खोल दिसत होते. ती सावली गेली आणि नजर पुठ्ठ्यावर चिकटवल्यासारखी झाली. टर्पेंटाइननं शिसं पुसता येतं हे माझं नशीब. सगळं पुसलं, कपाळावरचा एक ओरखडा, जो निगेटिव्हचाच होता, तेवढा भरला आणि पुन्हा छापून दिला. तेव्हापासून कुणाच्या फोटोतलं काही "काढून टाक" म्हणण्याआधी मी स्वतःला विचारते, हे इथे कशाला आधार देतंय?

आता इंदूरच्या सराफ्यातला एक फोटो सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते दिसेल. सराफा तुम्हाला माहीतच आहे, दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री त्याच दुकानांपुढे खाण्याच्या गाड्या. थंडीत गराडू, म्हणजे तळून मसाला लावलेले कंद, मिळायला लागतात. एका मुलानं गराडूवाल्याचा फोटो आणला. मोठी कढई, वाफ, मसाला भुरभुरणारा हात, मागे गर्दी. फोटो जिवंत होता. पण माझा डोळा आधी गेला उजव्या वरच्या कोपऱ्यात, तिथे एक पांढरी ट्यूबलाइट अर्धी कापली गेली होती. तिथून हातावर, आणि चेहऱ्यावर सगळ्यात शेवटी. मी मुलाला विचारलं, "तुला काय दाखवायचं होतं?" म्हणाला, "त्याचा चेहरा. गिऱ्हाइकाकडे न बघता तो वाफेकडे बघत होता." मी ट्यूबलाइटवर अंगठा ठेवला. चेहरा लगेच पुढे आला. त्यानं स्वतःचा अंगठा ठेवून पाहिलं, काढून पाहिलं, तीन-चार वेळा. मला काही समजावून सांगावंच लागलं नाही. फोटोत सगळ्यात उजळ जागा जिथे असेल तिथे डोळा आधी धावतो, आणि ती जागा कडेला असली की तिथूनच बाहेर पडतो. म्हणून मी मधलं सगळं सोडून आधी चारी कडांवरून नजर फिरवते. काढणाऱ्याचं लक्ष मध्ये असतं. नको ते कडेनं आत शिरतं.

मग रंगाचं निघालं. मुलानं फोनमध्ये रंग "दुरुस्त" केले होते. पांढरं पांढरं झालं होतं, पण तेलाचा सोनेरी रंग गेला आणि गराडू उकडलेल्या बटाट्यासारखे दिसायला लागले. मूळ फोटो बघितला तर सगळा पिवळ्या उजेडात न्हालेला, फक्त गराडूवाल्याच्या डाव्या गालावर हिरवट झाक. शेजारच्या गाडीवर स्वस्तातला एलईडी लागलेला असणार. उजेडाचा पिवळे-निळेपणा केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा: पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० ते ३००० केल्व्हिनचा, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपासचं, आणि अशा एलईडीत बरेचदा हिरवा जास्त असतो. कॅमेरा एका वेळी एकच उजेड पांढरा धरतो, मग बाकीचे रंग बदलून दिसतात. मी म्हटलं, पिवळा राहू दे, तो सराफा आहे. गालावरचा हिरवा तेवढा कमी कर, त्यानं माणूस आजारी दिसतो.

तो म्हणाला, "पण काकू, हिरवा उजेड तिथे खरंच होता ना?"

प्रश्न चांगला होता, मला थांबावं लागलं. होता, पण आपला डोळा उजेडाशी जुळवून घेतो. त्या गाडीपुढे उभं राहिल्यावर थोड्या वेळात आपल्याला चेहरा चेहऱ्याच्याच रंगाचा दिसायला लागतो. मी त्याला विचारलं, "तू तिथे उभा होतास तेव्हा तुला हिरवा दिसला?" त्यानं आठवून पाहिलं आणि प्रामाणिकपणे नाही म्हणाला. मग माझ्या मते तो ठेवायला काही कारण हवं. त्याला मुद्दाम आजारीपण दाखवायचं असतं तर मीच म्हटलं असतं, ठेव, थोडा वाढव.

इंदूरच्या राजवाड्याचे, होळकरांच्या जुन्या वाड्याचे, फोटो तर ढिगानं येतात. सात मजल्यांचं ते दार, समोर उभं राहून फोन वर केला की इमारत मागे झुकलेली दिसते, उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे कलतात. लोकांना वाटतं लेन्स खराब. लेन्स ठीक असते, फोन तिरपा धरल्यावर असंच होणार. जरा मागे जा, समोरच्या एखाद्या गॅलरीत जागा मिळाली तर तिथून काढा. आपल्याच शहराचं उदाहरण देते. लाला दीनदयाळ आधी इंदूरलाच बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायचे. १८७४ च्या सुमाराला त्यांनी कॅमेरा हातात घेतला, आणि पुढे मध्य भारतातल्या वास्तूंचे त्यांनी काढलेले फोटो आजही बघावेसे वाटतात. त्यांत भिंत भिंतीसारखी सरळ उभी असते. नकाशे काढणाऱ्याचा डोळा आहे तो. त्यांचा एखादा फोटो घेऊन पाच मिनिटं फक्त सावल्या बघा, इमारतीच्या कुठल्या बाजूला उजेड पडायची त्यांनी वाट पाहिली असेल ते कळेल.

"काकू, विषय तिसऱ्या रेषेवर ठेवलाय," असं कुणी अभिमानानं सांगितलं की मला काळजी वाटते. म्हणजे फोटोचे आडवे-उभे तीन सारखे भाग करायचे आणि मुख्य गोष्ट मध्ये न ठेवता त्या भागांच्या रेषेवर ठेवायची. हा नियम कॅमेऱ्याच्या आधीचा आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं १७९७ मध्ये निसर्गचित्रांविषयी लिहिताना तो मांडला, तेव्हा फोटो ही चीजच नव्हती. जमीन किती, आभाळ किती याची ती बोलणी होती. उपयोगी आहे, मी नाही म्हणत नाही. पण रेषेवर ठेवलेल्या माणसाच्या पाठीमागून विजेचा खांब डोक्यातून उगवला असेल तर ती रेषा काय करणार?

गेल्या रंगपंचमीला भाचीच्या मैत्रिणीनं गेरचा, म्हणजे इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीचा, फोटो आणला, एका गच्चीवरून काढलेला. खाली माणसांचा पूर, वर गुलाबी धुराळा, टँकरमधून उडणारं पाणी, प्लॅस्टिकनं झाकलेली दुकानं. बघणारा "वा" म्हणणारच. माझा डोळा मात्र फिरत राहिला, त्याला बसायला जागा सापडेना. सगळेच रंग एका आवाजात बोलत होते. मग डाव्या कोपऱ्यात खाली सापडली: ओट्यावर बसलेले एक आजोबा, पांढरंशुभ्र धोतर, अंगावर एक थेंब नाही, आणि हात असा पुढे केलेला, जणू येणारा रंग थोपवताहेत की मागताहेत ते कळत नव्हतं. मुलीला स्वतःला ते आजोबा फोटोत आहेत हे माहीतच नव्हतं.

माझ्याकडे काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन आहेत, स्टुडिओतलेच. ते फोटोवर ठेवून सरकवले की नवी चौकट तयार होते. आम्ही आजोबांना चौकटीत घेतलं. सुंदर. दोघी खूश. चहा प्यायलो. चहानंतर पुन्हा पाहिलं तेव्हा ते नुसतेच ओट्यावर बसलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं पांढरं धोतर त्या गर्दीमुळे पांढरं होतं. गर्दी कापली तशी त्यांच्या हाताची ती ओढही गेली. मी माझं म्हणणं मागे घेतलं. शेवटी उजवा पुठ्ठा बराच बाहेर सरकवला, वरचा थोडा खाली आणला, म्हणजे आजोबा कोपऱ्यात आणि रंगाची लाट अर्ध्या फोटोत, त्यांच्याकडे येणारी. आता डोळा लाटेवरून त्यांच्या हातापर्यंत जातो आणि तिथे थांबतो. तिला मी एवढंच सांगितलं की पुढच्या वर्षी गच्चीवरून दोन मजले खाली उतर.

फोटोतल्या भावाबद्दल, म्हणजे त्यातून जाणवणाऱ्या भावनेबद्दल, विचारतात तेव्हा मला सगळ्यात कमी बोलता येतं, पण एक गोष्ट नक्की जाणवते. फोटोतल्या माणसाला आपण बघितलं जातोय हे कसं वाटतंय, तेच बहुतेक वेळा फोटोच्या भावात उतरतं. मॅन रे या अमेरिकन फोटोग्राफरनं १९३० च्या सुमाराला इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर आणि त्यांच्या पत्नी संयोगिताराजे यांचे फोटो काढले. गादीवर बसलेले महाराज-महाराणी त्यांत शोधू नका, एकमेकांच्या संगतीत रमलेलं तरुण जोडपं दिसतं. कॅमेऱ्यामागच्या माणसाला ती दोघं घाबरत नव्हती, हे त्यांच्या खांद्यांकडे बघूनच कळतं. चेहरा माणूस सांभाळू शकतो, खांदे सांभाळायचे राहून जातात. लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोरांना मी म्हणूनच सांगते, नवरीचं हसू बघू नका, तिचे खांदे बघा.

आणि दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना "मस्त" म्हणून सोडून देऊ नका. त्यानं तो फोटो तुमच्यापुढे ठेवलाय म्हणजे विश्वास ठेवलाय. "मी असतो तर असा काढला असता" हेही नको, तो फोटो तुमचा नाही. त्याला काय हवं होतं ते विचारा, तुमचा डोळा कुठे गेला ते सांगा, या दोन्हींत अंतर का पडलं ते दोघं मिळून शोधा. यात कुणाचा अपमान होत नाही असा माझा अनुभव आहे. एकदाच एक मुलगा रुसून गेला होता, तोही पुढच्या महिन्यात आला.

तुम्ही येणार असाल तर एक विनंती. फोनमध्ये दाखवू नका, तिथे बोट लगेच पुढच्या फोटोवर जातं. छापून आणा, निदान ६ बाय ८ इंचात. आणि दहा नको, एकच आणा, जो तुम्हाला स्वतःला अजून नीट कळलेला नाही. पोहे नऊला असतात.