डुकरं राखणारी पोर आणि सहा मिशेलिन स्टार

रेस्टॉरंटना दर्जाचे स्टार देणाऱ्या फ्रान्सच्या मिशेलिन गाइडने १९३३ साली पहिल्यांदाच एका माणसाच्या नावावर सहा स्टार दिले, दोन रेस्टॉरंट आणि दोन्हींना तीन-तीन (तीन म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा), आणि ते स्टार मिळाले एका बाईला, जिचं लहानपण दुसऱ्यांच्या शेतावर डुकरं राखण्यात गेलं होतं. युजेनी ब्राझिये तिचं नाव. तिचं रेस्टॉरंट 'ला मेर ब्राझिये' फ्रान्समधल्या ल्यों शहरात १२, रु रोयाल ह्या पत्त्यावर आजही चालू आहे. हल्ली मी तिच्याबद्दलच वाचतेय आणि घरी जेवताना पण तिचाच विषय काढते, शेवटी म्हटलं लिहूनच टाकूया.

१८९५ चा जन्म, ल्योंजवळच्या ब्रेस भागातलं खेडं. आई ती दहा वर्षांची असताना गेली आणि पोर लोकांच्या शेतावर कामाला लागली. १९१४ मध्ये लग्नाआधीच मुलगा झाला, गास्तों, आणि तिच्या बापाने तिला घराबाहेर काढलं. मग ल्योंला एका श्रीमंत घरी मोलकरीण म्हणून राहिली आणि त्या घरातच हळूहळू स्वयंपाक हातात आला. कुठलं कॉलेज नाही, डिप्लोमा नाही, काही नाही.

त्या काळी ल्योंमध्ये 'मेर' म्हणजे आई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका होत्या. बऱ्याचजणी आधी मोठ्या घरांत स्वयंपाकीण होत्या आणि नंतर त्यांनी आपली छोटी जेवणघरं काढली. त्यातली मेर फियू फार नावाजलेली, टेबलाजवळ स्वतः येऊन गिऱ्हाइकासमोर कोंबडी कापून वाढायची. तिच्या किचनमध्ये युजेनी शिकली आणि मग १९२१ मध्ये जेमतेम १२,००० फ्रँकच्या भांडवलावर रु रोयालवर स्वतःची जागा उघडली. सुरुवातीला पंधरा-एक माणसं बसतील एवढीच.

आता तिची कोंबडी, कारण खरी गोष्ट इथेच आहे. ब्रेसची कोंबडी म्हणजे पांढरी पिसं, लाल तुरा, निळसर पाय, मोकळ्या रानात चरलेली. तिच्या कातडीखाली, मांस आणि कातडी ह्यांच्या मधे, काळ्या ट्रफलच्या (जमिनीखाली उगवणारी महागडी, वासाची अळंबी) पातळ चकत्या हळूच सरकवायच्या, कातडी फाटता कामा नये, आणि मग गाजर, लीक घातलेल्या पाण्यात मंद आचेवर शिजवायची. शिजली की पांढऱ्या कातडीतून आतला काळा रंग दिसतो, म्हणून नाव 'अर्ध्या सुतकातली कोंबडी', तिकडे सुतकाचा रंग काळा. बस एवढंच! सॉसचा डोंगर नाही, तळणं नाही, भाजणं नाही. लपवायला जागाच नसल्यामुळे माल चांगला नसेल तर पहिल्याच घासाला कळणार, म्हणून बाई मालाच्या बाबतीत भयंकर कडक होती. तिचा कोंबडीवाला म्हणायचा की आता हिच्यासाठी कोंबड्यांची नखंसुद्धा नीटनेटकी करून आणावी लागतील, अशी गोष्ट सांगतात.

मला हे वाचताना गोव्यातल्या म्हापशाची माझी मावशी आठवत राहिली, तिची खानावळ होती. मासळी बाजारात ती इसवणाचे, म्हणजे सुरमईचे, कल्ले उघडून बघायची, बोटाने पोट दाबायची, आणि पसंत नाही पडलं तर त्या दिवशी इसवण नाहीच, गिऱ्हाईक कितीही मोठं असो. बांगड्याचं हुमण म्हणजे कालवण, तिरफळं ठेचून घातलेलं, सोलकढी, उकड्या तांदळाचं शीत, एक भाजी, आणि हे वर्षानुवर्षं तेच. कोणी 'आज नवीन काय' विचारलं की ती म्हणायची, "नवीन काय करू रे बाबा, बांगडा नवाच हाडला न्हय!" (कोकणी-मराठी मिसळून बोलायची ती, 'हाडला न्हय' म्हणजे 'आणला ना'.) मेर ब्राझियेचा मेनूसुद्धा असाच होता, मोजके पदार्थ, फारसे न बदलणारे, आणि लोक त्यासाठीच लांबून यायचे. रोज तेच करून रोज तेवढंच चांगलं करणं ह्याला मी सगळ्यात मोठी कला मानते, आणि पणजीत आता दर सीझनला मेनू बदलणारी इतकी रेस्टॉरंट झालीत, तिथे जेवून आल्यावर तर जास्तच मानते.

१९२८ च्या सुमाराला ती थकली होती, म्हणून शहराबाहेर कोल द ला लुएर ह्या डोंगरावर एक लाकडी घर घेतलं, सुरुवातीला ना वीज ना गॅस. विश्रांतीला म्हणून गेली आणि तिथेपण लोक जेवायला पोचले, झालं दुसरं रेस्टॉरंट! ल्योंचा मेयर एदुआर एरियो तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. १९३३ ला दोन्ही जागांना तीन-तीन स्टार. त्याच वर्षी मारी बुर्ज्वा ह्या आणखी एका बाईलाही तीन स्टार मिळाले हे पण सांगायला पाहिजे, युजेनी एकटी नव्हती.

१९४६ मध्ये त्या डोंगरावर वीस वर्षांचा एक पोरगा कामाला आला, पोल बोक्यूज. पुढे जगभर फ्रेंच जेवणाचा चेहरा झालेला हाच तो. तिथे त्याला गाईंचं दूध काढावं लागे, भाजीच्या मळ्यात राबावं लागे, कपडे धुवून इस्त्री करावी लागे, आणि मग किचन. मला ही पद्धत पटते, भाजी कुठून येते ते माहीत नसलेल्या हाताला चव कुठून येणार?

आता राग येतो ती गोष्ट. सहा स्टारचा तिचा विक्रम पासष्ट वर्षं टिकला, १९९८ मध्ये आलँ द्युकास ह्या शेफने बरोबरी केली, आणि तरी फ्रेंच जेवणाची थोरामोठ्यांची नावं सांगायला बसलं की सगळे पुरुषच निघतात. १९७७ मध्ये ती गेली. रु रोयालची जागा मुलगा गास्तों आणि मग नात जाकोत हिने चालवली, २००८ ला मात्यू व्हियाने ह्या शेफने ती घेतली आणि लगेच दोन स्टार परत आणले. कातडीखाली ट्रफल सरकवलेली ती कोंबडी तिथे अजून मिळते.

आपल्याकडे म्हापसा, मडगाव, फोंडा, डिचोली इथे बायकांनी उभ्या केलेल्या कितीतरी खानावळी होत्या, काही अजून आहेत, आणि त्यांचं कुठे काही लिहिलेलं सापडत नाही. मावशीपासून मी सुरुवात केलीय, कुठल्या साली उघडली, मासळी कोण द्यायची, वाटपात, म्हणजे वाटणात, काय काय असायचं, सगळं वहीत उतरवतेय. तुमच्या गावातली अशी कोण असेल तर मला सांगा, मी स्वतः येऊन बसेन तिच्याकडे आणि लिहून घेईन.