तुम्ही विचारलंत म्हणून: टग म्हातारा कधी होतो?

युद्धनौकेला धक्क्यापासून ओढून बाहेर काढणारा नौदलाचा टग खोल समुद्रात फारसा जात नाही, तोफा डागत नाही, मग वीस-पंचवीस वर्षांत तो भंगारात कसा निघतो? हा प्रश्न नेहमीचा. पाठोपाठ दुसराही येतोच: "इंजिन बदललं की झालं ना?"

इंजिन बदलता येतं. टगचं वय ठरतं त्याच्या सांगाड्यावरच्या पोलादी पत्र्यावर.

बांधताना पत्रा ८ मिलिमीटरचा होता असं धरा. सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसलेल्या गोदीत, घेतल्यावर अल्ट्रासॉनिक गेज लावून जागोजागी जाडी मोजतात. साधारण पाव भाग झिजला, म्हणजे ६ मिलिमीटर उरले, की तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा. रंग नसलेलं आणि झिंक (पोलादाऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे ठोकळे) न लावलेलं पोलाद खाऱ्या पाण्यात एका बाजूने वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर जातं. कागदावर झाली २० वर्षं. पण गंज असं सारखं वाटून खात नाही.

बाहेरची बाजू दिसते, म्हणून ती घासली जाते, रंगवली जाते. पत्रा बहुतेकदा आतून जातो: इंजिनाखालच्या बिल्जमध्ये (तळाशी पाणी-तेल साचतं त्या पोकळीत), नांगराच्या साखळीच्या कप्प्यात, मागच्या टोकाच्या टाकीत, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या खोक्याच्या, म्हणजे सी-चेस्टच्या, कोपऱ्यात. थोडक्यात, पाणी साचतं आणि हात पोचत नाही तिथे. बिल्जमध्ये तेलाचा तवंग दिसला की लोक निर्धास्त होतात. उलट त्या तवंगाखाली हवा पोचत नाही आणि सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचं फावतं. ते एकाच ठिकाणी खोल खड्डा पाडतात. वीतभर अंतरावर गेज ७.५ दाखवत असतो आणि इथे पत्रा आरपार गेलेला असतो. म्हणून नुसत्या सरासरीवर विसंबू नये. बिल्ज कोरडा करून, खरवडून, हातोडीने ठोकून पाहावं.

भोक पडलं की वरून ठिगळ मारतात, त्याला डबलर म्हणतात. पुढच्या वेळी गोदीत घेईपर्यंत चालेल. पण ते तसंच राहून गेलं तर दोन पत्र्यांमधल्या फटीत पाणी बसतं आणि जुना पत्रा आणखी वेगाने जातो. टगच्या नाकावरच्या रबरी फेंडरमागेही हेच होतं. शिवाय तिथे रोज धक्के बसतात, त्यामुळे आतल्या फासळ्या वाकतात.

झिंकबद्दल दोनच गोष्टी. एक, रंगारी घाईत झिंकवरही रंग मारून जातो, मग ते असून नसल्यासारखं. सिल्व्हर-क्लोराइड इलेक्ट्रोड पाण्यात धरून पत्र्याचा विद्युतदाब मोजल्यावर उणे ०.८ व्होल्ट किंवा त्याहून खाली यायला हवं, उणे ०.६ आलं तर पत्रा स्वतःच खर्ची पडतोय. दुसरी, दोन वर्षांचं झिंक सहा महिन्यांत संपलं तर झिंकला दोष देऊ नका. किनाऱ्यावरून घेतलेली वीजजोडणी तपासा, भटका वीजप्रवाह झिंक खातो. वेल्डिंग मशीन धक्क्यावर असेल तर अर्थची तार धक्क्याला नाही, बोटीवरच, कामाच्या जागेजवळ लावली आहे का तेही पाहा.

मुंबईत पावसाळ्यात रंगकाम हाती घेणं म्हणजे पैसे पाण्यात. पत्रा दवबिंदूच्या तापमानापेक्षा (ज्याला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) किमान ३ अंश गरम आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली हवी. जुलैत हे जमायचं कसं? ब्लास्टिंगआधी (जोराने कण मारून पत्रा खरवडण्याआधी) गोड्या पाण्याने मीठ धुतलं नाही तर वर्षभरात रंगाला फोड येतात.

आता इंजिन. २५ टन ओढीच्या टगला २ हजार अश्वशक्तीच्या आसपास ताकद लागते, पण ती पूर्ण वापरली जाते काही मिनिटंच. बाकी वेळ इंजिन नुसतं घुरघुरत राहतं. न जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये साचतं, सिलिंडरच्या आतल्या नळ्या, म्हणजे लायनर, गुळगुळीत होतात, तेल जळू लागतं. त्यामुळे तासांचा आकडा कमी दिसला तरी भुलू नये, आणि बराच वेळ रिकामं चालल्यावर अर्धा तास भार द्यावा.

"पण १८१७ साली मुंबईच्या गोदीतून निघालेली त्रिंकोमाली ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते!" असंही कुणीतरी म्हणतंच. खरं आहे. पण ती सागवानी, मोठी डागडुजी झालेली, आणि तिला आता कुणाला ओढायचं नसतं.

टगचा शेवट हिशेबाच्या तक्त्यावर होतो. बदलायच्या पत्र्याचं वजन वाढत जातं, जुन्या गिअरबॉक्सचे भाग मिळेनासे होतात आणि एकदा गोदीत घेण्याचा खर्च पटेनासा होतो. मग लिलाव. मग टग तोडायला जातो. टाक्यांमधला गॅस काढल्याशिवाय गॅसकटर लावायचा नाही, आणि जुन्या एक्झॉस्टवरच्या गुंडाळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती कोरडी फाडायची नाही. किलोमागे भाव मात्र सगळ्यात जास्त मिळतो तो ब्रॉन्झच्या पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला.