वर्गात की ऑनलाइन? त्याच्या आधीचा प्रश्न

परवा रात्री मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचा टेक्सासहून फोन आला. लग्न होऊन अमेरिकेत आली त्याला पाच वर्षं झाली, ग्रीन कार्ड नुकतंच हातात पडलंय, लेक तीन वर्षांची आहे. लेकीला झोपवून, दुसऱ्या खोलीत जाऊन हळू आवाजात बोलत होती. "ताई, मला नर्सिंग करायचंय. दोन वर्षांची डिग्री. ऑनलाइन करू की कॉलेजात जाऊ?"

मी म्हटलं, दोन दिवस दे, नीट लिहून पाठवते. लिहायला बसले तर फोनवरच्या मेसेजात मावेना. शिवाय असे फोन मला आता दर महिन्या-दोन महिन्यांनी येतात, म्हणून इथेच लिहितेय.

मी न्यू जर्सीत राहते. भारतातून बी.कॉम. करून आले होते. पहिली काही वर्षं नोकरीसाठी आलेल्यांच्या जोडीदाराला मिळतो त्या एच-४ व्हिसावर गेली, आणि त्या काळात आपल्याला काहीच करता येणार नाही असं मी धरून चालले होते. नोकरी करता येत नव्हती हे खरं, पण एच-४ वर शिकायला बंदी नाही. पूर्ण वेळ शिका, नाहीतर एकेक विषय घ्या. हे मला फार उशिरा कळलं आणि त्याची हळहळ आजही वाटते. (एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचं गणित वेगळं आहे. तिथे पूर्ण वेळ शिकणं सक्तीचं, आणि त्या हिशेबात सत्राला ऑनलाइनचा एकच वर्ग, म्हणजे फार तर ३ क्रेडिट, धरला जातो. क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक. त्यांना "सगळं ऑनलाइन" हा पर्यायच नसतो.)

कामाची परवानगी मिळाल्यावर एका डॉक्टरांच्या दवाखान्यात फ्रंट डेस्कला लागले. तिथे चार वर्षं काढली. विमा कंपनीने क्लेम नाकारला की फाइल परत माझ्याच टेबलावर यायची. मग कोड बघायचे, डॉक्टरांनी काय लिहिलंय ते बघायचं, दोन्हींचा मेळ कुठे बसत नाही ते शोधायचं. हे काम मला मनापासून आवडायला लागलं. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० ची पद्धत आली आणि निदानाचे कोड ७०,०००च्या घरात गेले. एवढ्या पसाऱ्यातून नेमका एक कोड सापडला की जमाखर्चाचा ताळा जुळल्यासारखं वाटतं, आणि ताळा जुळवायला तर मी कॉलेजातच शिकले होते. या कामाची रीतसर पदवी असते, हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी, आणि ती दोन वर्षांची असते, हे आमच्या बिलिंग मॅनेजरबाईंनी सांगितलं. तेव्हा मी ४१ वर्षांची होते.

त्याच रात्री मी इंटरनेटवर शोधलं आणि एका ऑनलाइन कॉलेजच्या फॉर्मवर नाव आणि फोन नंबर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत फोन. मग रोज फोन. बोलणारा मुलगा अतिशय गोड होता, माझ्या मुलाची परीक्षा कशी झाली हेसुद्धा विचारायचा. "अठरा महिन्यांत पदवी, घरबसल्या, शुक्रवारपर्यंत नाव नोंदवलंत तर प्रवेश फी माफ." मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

अडवलं ते बिलिंग मॅनेजरबाईंनी. त्या म्हणाल्या, त्याला एवढंच विचार की ही पदवी घेतल्यावर मला आरएचआयटीच्या परीक्षेला बसता येईल का. आरएचआयटी म्हणजे आमच्या क्षेत्रातलं प्रमाणपत्र. रुग्णालयातल्या नोकरीच्या जाहिरातीत ही चार अक्षरं हमखास दिसतात. त्या परीक्षेला बसायचं तर पदवीचा तो विशिष्ट कार्यक्रम काहीम नावाच्या संस्थेने मान्य केलेला असावा लागतो. मी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, आमचं कॉलेज अ‍ॅक्रेडिटेड आहे."

तो खोटं बोलत नव्हता. कॉलेज खरोखरच अ‍ॅक्रेडिटेड होतं. पण कॉलेजची मान्यता वेगळी आणि त्या एका अभ्यासक्रमाची मान्यता वेगळी. पहिली असली की सरकारी आर्थिक मदत मिळू शकते आणि दुसरं कॉलेज तुमच्या क्रेडिटकडे निदान बघायला तरी तयार होतं. दुसरी असली की परीक्षेचं आणि नोकरीचं दार उघडतं. काहीमच्या साइटवर मान्य कार्यक्रमांची यादी कोणालाही बघता येते. मी ती राज्यानुसार उघडली, वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. त्या कॉलेजचं नाव त्यात नव्हतं. अठरा महिने अभ्यास करून, क्रेडिटमागे काउंटी (म्हणजे जिल्ह्याच्या) कॉलेजच्या दुपटीहून जास्त पैसे भरून, हातात असा कागद आला असता की ज्यावर मला परीक्षेलाही बसता आलं नसतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

म्हणून कोणी "ऑनलाइन की कॉलेजात" असं विचारलं की मी आधी हे विचारते: पदवी झाल्यावर पुढच्या कुठल्या दारावर ती दाखवायची आहे? त्या दाराशी जो बसलाय त्याची यादी आधी बघ. रेडिओग्राफी (एक्स-रेचं काम) करायची असेल तर एआरआरटी या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नियम वाच. २०१५ पासून त्यांना निदान असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, पदवी लागतेच. नर्सिंग असेल तर आपल्या राज्याचं नर्सिंग बोर्ड. चार वर्षांच्या पदवीला जायचं असेल तर त्या विद्यापीठाचा ट्रान्सफरचा विभाग. कॉलेजवाले त्यांची बाजू सांगणारच, पण शेवटी आपल्याला आत घ्यायचं की नाही हे त्या दाराशी बसलेला ठरवतो.

ही भीती उगाच नाही. २०१५ मध्ये करिंथियन कॉलेजेस ही खाजगी कॉलेजांची साखळी बंद पडली, सप्टेंबर २०१६ मध्ये तशीच आयटीटी टेक. हजारो विद्यार्थी अर्ध्यावर उघड्यावर आले. क्रेडिट घ्यायला दुसरी कॉलेजं तयार नव्हती आणि डोक्यावर कर्ज होतं. त्यांतले कितीतरी जण माझ्यासारखेच होते: नोकरी करणारे, घरात मुलंबाळं, रात्री अभ्यासाला बसणारे.

मग मी काउंटी कॉलेजकडे, म्हणजे कम्युनिटी कॉलेजकडे, वळले. अशी दोन वर्षांची कॉलेजं या देशात हजाराच्या आसपास आहेत. पहिलं १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं. न्यू जर्सीत १८ आहेत. आपल्या काउंटीच्या रहिवाशांना फी सगळ्यात कमी. आमच्या काउंटीच्या कॉलेजात माझा कोर्स नव्हता, शेजारच्या काउंटीत होता, काहीमच्या यादीतला. बाहेरच्या काउंटीची जादा फी बघून मी मागे फिरणार होते. पण प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाईंनी चार्जबॅक नावाचा फॉर्म पुढे केला: आपल्या काउंटीत तो कोर्स नसेल तर जादा फीचा भार आपली काउंटी उचलू शकते. त्या बाईंचं नाव मला माहीत नाही, पण त्यांच्यामुळे माझं शिक्षण झालं असं मी मानते. असे फॉर्म कोणी आपण होऊन सांगत नाही. खिडकीपाशी जाऊन "माझ्यासाठी आणखी काही आहे का" असं विचारावं लागतं.

पैशाचं आणखी एक सांगते, कारण आपल्या लोकांना हे हमखास आडवं येतं. ग्रीन कार्ड असेल तर फाफ्साचा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा, फॉर्म भरता येतो. पण त्यातली पेल ग्रँट (परत न करायची मदत, २०२४-२५ साठी कमाल ७,३९५ डॉलर) ज्यांच्याकडे बॅचलर्स पदवी नाही त्यांच्यासाठी आहे, आणि भारतातली पदवीही त्यात मोजली जाऊ शकते. तीन वर्षांचं बी.कॉम. इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीचं नाही असा लेखी मूल्यमापनाचा कागद असेल तर कॉलेज वेगळा निर्णय घेऊ शकतं. माझ्या बाबतीत पदवी धरली गेली, ग्रँट मिळाली नाही. त्याच बी.कॉम.चा दुसरा उपयोग मात्र झाला: मूल्यमापन करून घेतल्यावर संख्याशास्त्राचे आणि आणखी दोन विषयांचे क्रेडिट मिळाले आणि जवळपास एक सत्र वाचलं. म्हणून मार्कशीट मागवायला पहिल्याच महिन्यात लागा. भारतातल्या विद्यापीठातून सीलबंद पाकीट निघायला वेळ लागतो.

आता ऑनलाइनबद्दल. माझे निम्म्याहून जास्त विषय मी ऑनलाइनच केले, त्याच काउंटी कॉलेजातून. ऑनलाइन वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही. मेडिकल टर्मिनॉलॉजी मी रात्री दहा ते बारा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केलं आणि त्या वर्गातल्या वरच्या मार्कांत होते. पण ऑनलाइनला वेळ कमी लागतो ही समजूत मला महागात पडली. हिशेब साधा आहे: एका क्रेडिटला आठवड्याला एक तास शिकवणं आणि दोन तास स्वतःचा अभ्यास. म्हणजे ३ क्रेडिटचा विषय आठवड्याला ९ तास खातो, तेसुद्धा १५ आठवड्यांचं सत्र असेल तर. तोच विषय सात आठवड्यांत बसवला की एकोणीसहून जास्त तास.

मी अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी, ४ क्रेडिटचा विषय, सात आठवड्यांत ऑनलाइन घेतला. "लवकर उरकेल" म्हणून. नोकरी चालू, त्यात मुलाचं हायस्कूलचं पहिलं वर्ष. तिसऱ्या आठवड्यात स्नायूंची नावं आणि मज्जासंस्था एकदम अंगावर आली. चौथ्या आठवड्यात मुलाला ताप भरला आणि दोन प्रयोगांचे अहवाल राहिले. पाचव्या आठवड्यात मी विषय सोडला. फी परत मिळायची मुदत कधीच गेलेली होती. ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याचा शेरा, लागला, तो कायमचा. ज्यांना सरकारी मदत मिळते त्यांना तर हे फारच जपावं लागतं. सत्राचा ६० टक्के काळ व्हायच्या आत सगळेच विषय सोडले तर मदतीतली काही रक्कम परत करावी लागू शकते.

पुढच्या सत्रात तोच विषय वर्गात बसून घेतला. पंधरा आठवडे, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी. शेजारी एक साठीतले गृहस्थ बसायचे, पलीकडे एकोणीस वर्षांची मुलगी. हाडांचा सापळा हातात घेऊन आम्ही तिघं एकमेकांना प्रश्न विचारायचो. बी प्लस मिळाला, आणि तो मला इतर सगळ्या ए ग्रेडपेक्षा जवळचा वाटतो. तेव्हापासून माझा नियम ठरला: पाठांतराचा आणि वाचनाचा विषय ऑनलाइन, आणि ज्या विषयात हात घालावा लागतो किंवा ज्याची भीती वाटते तो वर्गात.

एका गोष्टीचा निर्णय मात्र मी आजही पुन्हा पुन्हा तपासते. माझी पदवी असोसिएट इन अप्लाइड सायन्स आहे. ही थेट नोकरीसाठी बेतलेली. असोसिएट इन आर्ट्स किंवा असोसिएट इन सायन्स घेतली असती तर २००७ च्या न्यू जर्सीतल्या कायद्याप्रमाणे सगळे क्रेडिट राज्यातल्या सरकारी विद्यापीठात गेले असते आणि मी थेट तिसऱ्या वर्षाला लागले असते. अप्लाइडला ती हमी नाही, एकेका विषयासाठी विद्यापीठाशी बोलावं लागतं. नावात एका शब्दाचा फरक, आणि प्रवेशाच्या दिवशी त्याबद्दल मला कोणीही बोललं नाही. माझ्या वयाला आणि गरजेला मी घेतली तीच योग्य होती असं मला वाटतं. पण माझा मुलगा उद्या काउंटी कॉलेजात गेला तर त्याला मी हीच पदवी घे असं सांगणार नाही.

काल रात्री टेक्सासला परत फोन लावला. तिला सांगितलं की नर्सिंगची थिअरी ऑनलाइन मिळेल, पण रुग्णालयातली क्लिनिकलची ड्युटी प्रत्यक्षच करावी लागते, आणि ती सकाळी सातलाही लागू शकते, तेव्हा लेकीला कोण बघणार ते आधी ठरव. तिने सासूबाईंना विचारून ठेवलंय म्हणाली. शनिवारी तिच्या जवळच्या कम्युनिटी कॉलेजात ओपन हाउस आहे, नवरा गाडीने सोडणार आहे. "तिथे काय विचारू गं ताई? मला तर तोंडच उघडवणार नाही."

मी म्हटलं, एकच कागद ने. त्यावर लिही: तुमच्याकडून मागच्या वर्षी एनक्लेक्सला (नर्सिंगच्या परवान्याच्या परीक्षेला) किती जणी बसल्या, आणि पहिल्याच वेळी किती पास झाल्या? उत्तर वहीत उतरव. घरी आल्यावर नर्सिंग बोर्डाच्या साइटवर कॉलेजवार आकडे असतात, ते आपण दोघी मिळून उघडू. रविवारी सकाळी, तुझी लेक उठायच्या आत.